भिजलेल्या बारदान्याचा वास

वाइन सकाळी चाखायची असते. नाश्ता होऊन दोन-तीन तास झालेले, तोंडात सुपारी नाही, अंगावर अत्तर नाही, अशा वेळी नाक आणि जीभ ताळ्यावर असतात. हे मी नाशिकला तीन दिवसांच्या एका कार्यशाळेत शिकलो. नांदेडच्या एका दैनिकात मी तेव्हा रविवारची पुरवणी पाहत होतो. द्राक्षांवर अंक काढायचा होता, म्हणून मला पाठवण्यात आलं. अंक निघाला, रद्दीत गेला. वाइन कळणारा माणूस ही माझी ओळख मात्र टिकली. नांदेड-लातूरकडं असा दावा करणारे फार नाहीत, त्यामुळं तो कुणी तपासून पाहिला नाही.

त्या कार्यशाळेत शेवटच्या दिवशी बिघडलेल्या वाइन हुंगायला दिल्या होत्या. त्यांतला एक बिघाड बुचाचा. बुचाला बुरशीचा वास लागलेला असला तर तो वाइनमध्ये उतरतो आणि फळाची चव दबून जाते. पिणाऱ्याला अपाय होत नाही, पण माल म्हणून ती वाइन बाद. शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला विचारलं, हा वास कशासारखा वाटतो? कुणी म्हणालं भिजलेला पुठ्ठा, कुणी तळघर, कुणी ओलं वर्तमानपत्र. मला तो ग्लास नाकाशी येताक्षणी ओळखू आला होता. तो बारदान्याचा वास होता. तागाचं पोतं पावसात भिजलं आणि उन्हाऐवजी सावलीत वाळलं की येतो, तो. माझ्या वडिलांचं लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान होतं. घर वर, दुकान खाली, रिकामी पोती जिन्याखाली. मी त्या वासात वाढलो.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "पुठ्ठा."

याचं कारण जुनं आहे. पाचवीत असताना बाकावरच्या एका मुलानं वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "हे पोतं कुणी आणून ठेवलं रे?" त्यानंतर मी शाळेचा शर्ट शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घालू लागलो. आमच्याकडं ऊन येत नाही, असं शेजारच्या काकूंना सांगितलं. सकाळी तिथूनच शर्ट घालून शाळेत जायचो. दहावीपर्यंत हे चाललं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, असा माझा समज होता.

औशाच्या रस्त्याला माझ्या शाळेतल्या एका मित्राचा मळा आहे. खायच्या द्राक्षांची बाग, सोयाबीन, तूर, आणि दोन एकर वाइनची द्राक्षं. ही दोन एकरं त्यानं एका कंपनीच्या सांगण्यावरून लावली होती. कंपनीनं पुढं माल उचलणं थांबवलं. आजूबाजूच्यांनी बागा काढल्या, यानं परवाना काढला आणि मळ्यातच एका खोलीत वायनरी घातली. रोजीरोटी त्यावर नव्हती. तो त्याचा नाद होता, आणि त्याची दोन्ही मुलं त्याला नादच म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं कॅबरने आणि शिराझ या दोन जातींच्या वाइनचं एक मिश्रण केलं होतं. बरंचसं त्याच वर्षी विकलं आणि थोड्या बाटल्या जुन्या होण्यासाठी राखल्या. गेल्या जानेवारीत हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलातून त्याला विचारणा झाली. तिथं वाइन निवडणाऱ्या माणसानं सहा बाटल्या नमुना म्हणून मागवल्या, सोबत चव-वासाचं लेखी टिपण. माल पसंत पडला तर दरवर्षी घेऊ, असं कळवलं.

मित्राचा फोन आला. "ह्ये बघ, पोरं म्हनतात ती दोन एकरं काढा अन् खायची द्राक्षं लावा. मी एप्रिलच्या छाटणीपर्यंतची मुदत मागून घेतलीय. हैदराबादवाल्यानं घेतली तर बाग ऱ्हाती, न्हाईतर जाती. एकदाच दाखवायला मिळणार. तू चाख अन् लिहून दे. तू म्हनलास बरी हाय, तर पाठवतो."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर दुसरं कायतर बघू. पर खरं सांग."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी नांदेडहून लातूरला आलो. मळ्यावर निघताना वडील म्हणाले, मीही येतो. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. मित्राच्या वडिलांची तूर अप्पांच्या दुकानात यायची, त्यामुळं घरोबा जुना. अप्पा एकोणऐंशी वर्षांचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. वायनरीच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

"मी हितंच बसतो. तुमचं काय ते चालू द्या."

"अप्पा, द्राक्षाचाच रस हाय वो," मित्र म्हणाला.

"रस असता तर तू नऊ वर्षं कशाला झाकून ठिवला असता?"

मित्र हसला आणि दाराच्या आतल्या बाजूला, सावलीत, त्यांना खुर्ची दिली. मग माझ्याकडं वळला. "या सायेब. नाक धुऊन आलास का? तुझ्या नाकावर दोन एकरं हायेत आज."

खोलीत भिंतीला लागून खोक्यांच्या दोन थप्प्या होत्या. एकीवर कोळशानं १ लिहिलेलं, दुसरीवर २. दोनची थप्पी दाराजवळ. त्यातली एक बाटली त्यानं दोन दिवस आधीच उभी करून ठेवली होती, म्हणजे गाळ तळाला बसावा. बूच अख्खं निघालं. त्यानं हात न हलवता, गाळ मागं राहील अशा बेतानं दोन ग्लासांत ओतली.

रंग चांगला होता. मध्ये डाळिंबी, ग्लास तिरका केला की कडेला विटकरी. नऊ वर्षांच्या तांबड्या वाइनचा असाच असायला हवा. मी ग्लास फिरवला आणि हुंगला.

जिन्याखालची पोती.

मी पुन्हा हुंगलं. तेच. एक घोट घेऊन तोंडात घोळवला. आंबटपणा जागेवर होता, तुरटपणाही, पण मधलं फळ गायब. नऊ वर्षांत इतकं जायला नको होतं. हे सगळं मला पहिल्या दोन मिनिटांत कळलं. मित्र माझ्या तोंडाकडं पाहत होता. त्याच्या हातातला ग्लास त्यानं अजून तोंडाला लावला नव्हता.

मी म्हणालो, "वा. वय लागलंय हिला."

हे खोटं नव्हतं. जुन्या तांबड्या वाइनला ओल्या मातीचा, चामड्याचा, तंबाखूचा वास येतो, तो गुण मानला जातो. बुचाचा बिघाड आणि वयाचा वास यांत नवख्याची गल्लत होऊ शकते. मी स्वतःला तेवढ्यापुरता नवखा करून घेतला.

मित्रानं हुंगलं, घोट घेतला. "मला जरा कोंदट वाटतीय रे."

"जुनी आहे. जरा हवा लागू दे तिला."

तेवढ्यात त्याला खुर्चीतल्या अप्पांची आठवण झाली. "अप्पा, प्यायचं न्हाई. नुस्ता वास घ्या. तुमी तूर डोळं झाकून पास करत होता."

अप्पांनी नाही म्हणायला हात वर केला, मग काय वाटलं कोण जाणे, ग्लास टेबलावर ठेवायला सांगितला. ग्लासाला ते शिवले नाहीत. यार्डात धान्य बघायची त्यांची एक रीत होती. पोत्यात नळी खुपसून काढलेले दाणे मुठीत घ्यायचे, मूठ मिटून दाणे ऊबदार होऊ द्यायचे, मग मूठ उघडून हुंगायची. थंड दाणा वास लपवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तसाच तळहात ग्लासाच्या तोंडावर, काचेला न टेकवता, धरला. बराच वेळ धरला. मग तळहात नाकाशी नेला.

"बारदाना भिजलाय," ते म्हणाले. "अन् सावलीत वाळलाय."

मित्र मोठ्यानं हसला. "अप्पा, हितं कुठला बारदाना आला? बाटली हाय ही!"

"बाटलीचं मला कळत न्हाई. वास सांगितला." त्यांनी तळहात धोतराला पुसला. "त्या पलीकडच्या थप्पीतली एक फोडून बघा. एका पोत्यावरनं माल पास करत्यात व्हय?"

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. हसू त्याच्या चेहऱ्यावर होतंच, पण तो थांबला होता. मी हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत दुसरं बूच निघालं असतं.

मी म्हणालो, "अप्पा, ही तूर नाही. एकाच पिंपातनं एकाच दिवशी भरलेली वाइन सगळी सारखीच असते. प्रत्येक बाटली फोडत बसलो तर पाठवायचं काय?"

मी हे ज्या आवाजात बोललो तो मला माहीत आहे. नवा बातमीदार चुकीची बातमी घेऊन आला की मी याच आवाजात बोलत असे. अप्पांनी खुर्ची दाराकडं वळवली. बाहेर बागेकडं बघत बसले.

"तू म्हनशील तसं," मित्र म्हणाला.

टिपण मी तिथंच, त्याच टेबलावर लिहिलं. रंग: डाळिंबी, कडेला विटकरी. वास: पावसानंतरची माती, जुनं चामडं, तंबाखूचं पान. चव: संयत, फळाचा बडेजाव नसलेली. शेवट: घोटानंतर मध्यम टिकणारा. खाली नाव, जुना हुद्दा, सही. तीस वर्षं मी इतरांच्या मजकुरातले असे शब्द खोडत आलो होतो. फळ लागत नव्हतं, मी 'संयत' लिहिलं. पोत्याचा वास येत होता, मी माती लिहिली. मित्रानं ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

परतताना गाडीत अप्पांनी एकच विचारलं, "त्यो पाठवनार का मग?"

"पाठवणार."

"बरं," म्हणाले.

मार्चच्या मध्यात मित्रानं मला मोबाइलवर एक आवाजी निरोप पुढं पाठवला. हॉटेलातल्या माणसाचा होता. दक्खनीत बोलत होता, शांतपणे. "भाई, छे के छे में भीगे बोरे की बू आ री. बूच खराब. ये नोट कौन लिखे? उनकू बोलो, पैले नाक का इलाज कराओ." मग थोडं थांबून, "अब रहने दो भाई. अगले साल देखते."

भीगा बोरा म्हणजे भिजलेलं पोतं. हैदराबादच्या हॉटेलातला तो माणूस आणि लातूरच्या यार्डातले माझे वडील, दोघांनी एकच वास सांगितला होता.

मी मित्राला फोन केला. मी काही बोलायच्या आत तोच बोलला. त्यानं कारण शोधून काढलं होतं. बाटल्या भरल्या त्या वर्षी बुचांच्या दोन पिशव्या आल्या होत्या. दुसरी पिशवी वाटेत फाटली, म्हणून त्यानं बुचं एका पोत्यात भरली आणि पाऊसकाळभर तुरीच्या कोठीत ठेवली. एक नंबरची थप्पी पहिल्या पिशवीच्या बुचांची, दोन नंबरची त्या पोत्यातल्या. सहाही बाटल्या त्यानं दोनमधल्याच पाठवल्या होत्या, कारण चाखलेली तिथली होती.

"माझीच चूक," तो म्हणाला. "बुचं कुनी बारदान्यात भरतंय का? मला वाटलं, तुरीला चालतंय तर बुचाला काय हुतंय. तुझा काय दोष? तुला तर वय लागल्याला वास वाटला. कुनालाबी वाटंल. अप्पांची मात्र मी उगंच चेष्टा केली रे. त्यांना सांग."

मी "सांगतो" म्हणालो. सांगितलं नाही. त्यालाही सांगितलं नाही, की मला माती वाटली नव्हती.

त्यानं हॉटेलला पुन्हा लिहून पाहिलं, एक नंबरचा नमुना फुकट पाठवतो म्हणाला. उत्तर आलं नाही. छाटणीची वेळ झाली. मुलांना दिलेली मुदत संपली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर लावून दोन एकरांतले वेल उपटले. मला त्यानं त्याच दिवशी बोलावलं होतं, कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "ये की. एकट्यानं काय बघायचं?"

मी पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त ओळी आडव्या होत्या. त्यानं एक नंबरच्या थप्पीतली बाटली आणली, दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली. ग्लास आत होते, आणायला कुणी उठलं नाही. स्टीलमध्ये रंग दिसत नाही. वास आला. आधी पिकलेलं जांभूळ, मग मिऱ्याचा हलका झणका, त्याच्या मागं तंबाखू आणि खरोखरीची माती. घोट गिळल्यावरही चव राहिली, मी मनात सेकंद मोजले, बाराच्या पुढं मोजायचं सोडलं. मी आयुष्यात फार वाइन चाखलेल्या नाहीत, पण ती चांगली होती. हे टिपण लिहायला कुणी मागत नव्हतं.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"चांगली आहे."

"लई चांगली हाय," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरकडं गेला.

उरलेली बाटली त्यानं मला दिली. मी ती बूच लावून गाडीत ठेवली आणि लातूरला घरी गेलो. घरात ती नेणं शक्यच नव्हतं. अप्पा दारासमोर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी बाटली गाडीतून काढली, बूच काढलं आणि त्यांच्यासमोर धरली. का धरली, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्यांनी बाटलीच्या तोंडावर तळहात धरला. हुंगला. पुन्हा धरला, पुन्हा हुंगला.

"ह्ये कोरडं हाय," म्हणाले. "पानी लागलेलं न्हाई. त्याचाच माल?"

"त्याचाच. त्या पलीकडच्या थप्पीतला."

"मग ह्यो का न्हाई दाखवला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. हैदराबादचा निरोप, बुचांची पिशवी, उपटलेले वेल. ते ऐकत होते, मधून मान हलवत होते. सांगून संपलं असं त्यांना वाटलं तेव्हा मी म्हणालो, "अप्पा, मलाही तोच वास आला होता. तुमच्या आधी."

"बारदान्याचा?"

"हो."

"मग बोलला का न्हाईस?"

मी बाटलीला बूच लावलं. रस्त्यावरून एक ऑटो गेला, दोन दुचाक्या गेल्या. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. लिंबाच्या बुंध्याकडं बघत होते.

"शाळेतबी तू शर्ट शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घालायचास," ते म्हणाले. "तुझी आई म्हनायची, बोलू नगा, पोरगं मोठं व्हायलंय. म्हून मी बोललो न्हाई."

आवाजात राग नव्हता. मालाची प्रत सांगताना बोलत तसं बोलले. मग पायांशी काठी शोधली, उठले, खुंटीवरची टोपी मागितली.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मला सांगून काय उपेग? बाग त्याची गेली. गाडी काढ. मीबी येतो."

मी गाडी काढली. बाटली मागच्या सीटवर आडवी ठेवू लागलो, तर म्हणाले, "सांडंल. हिकडं आन." खांद्यावरचा पंचा त्यांनी बाटलीला गुंडाळला, हात लागणार नाही असा, आणि औशाच्या रस्त्यानं मळ्यापर्यंत ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसले.

मित्र शेतात होता. ट्रॅक्टर गेला होता. वेल बांधावर ढीग करून पडले होते आणि तो मांडवाची तार गुंडाळत होता. अप्पा गाडीतच बसून राहिले. मी ओळी ओलांडत त्याच्यापर्यंत गेलो आणि सांगितलं. फार शब्द लागले नाहीत.

"म्हंजी तुला त्या दिवशीच म्हाईत होतं."

"हो."

"मी म्हनलो होतो, खरं सांग."

"म्हणाला होतास."

"अन् अप्पा म्हनत होते दुसरी फोडा, तवा तू—" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गाडीकडं पाहिलं. काचेतून अप्पांची टोपी दिसत होती. मग तो हातातल्या तारेच्या वेटोळ्याचा गुंता सोडवू लागला. शिवी आली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी त्यानं तारेचं मोकळं टोक माझ्याकडं केलं. "ह्ये धर. ताणून धर, न्हाईतर गुतंल."

मी टोक धरलं. तो मागं मागं जात ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून तार गुंडाळत माझ्याकडं येऊ लागला. ती ओळ झाल्यावर त्यानं पुढची तार सोडवली आणि तिचंही टोक माझ्या हातात दिलं.